रात्रीची लाईट, अर्धवट झोप: खानदेशातल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो?

डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसली की आपण मोबाईलवर क्रीम शोधतो. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा साक्री-शिंदखेड्याच्या शिवारात अनेकांच्या चेहऱ्यावरच्या थकव्याचं कारण वेगळं आहे. ते म्हणजे शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक.

नेमकं काय होतं?

शेतीपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. म्हणजे आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटार ऑटो स्विचने चालू होईलही, पण गव्हाला किंवा कांद्याला पाणी देताना ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायला माणूसच लागतो. रात्रीच्या पाळीत साप आणि बिबट्याची भीती असतेच. मोडलेल्या झोपेबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

त्यात उन्हाळा. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गाढ झोपेसाठी शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. घराच्या भिंती रात्रभर तापलेल्या असतील तर ते होत नाही.

चेहऱ्यावर खरंच दिसतं का?

हो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २३ जणांचे फोटो दोनदा काढले. एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा जागरणानंतर. फोटो पाहणाऱ्या अनोळखी लोकांना जागरण झालेले चेहरे कमी आकर्षक, कमी निरोगी आणि जास्त थकलेले वाटले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जड पापण्या, लाल डोळे, फिकट त्वचा ही त्याची नेहमीची लक्षणं. काळ्या वर्तुळांमागे आनुवंशिकता किंवा रक्ताची कमतरताही असू शकते, हेही लक्षात ठेवा.

आत काय बिघडतं?

शिकागोत १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं गेलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटली. दीर्घकाळ अपुरी झोप मिळाली तर मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. २००३ च्या एका अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता सलग जागरण केलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्यांना स्वतःला मात्र ते तेवढं जाणवत नव्हतं. अशा अवस्थेत पहाटे सुरत-नागपूर महामार्गावर दुचाकी किंवा ट्रॅक्टर काढणं किती धोक्याचं, याचा विचार करा.

मग उपाय कुणाच्या हातात?

झोप म्हणजे ज्याची त्याची सवय, असं आपण मानतो. पण मुलांची झोप अपुरी होते म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ नंतर भरवायचा निर्णय घेतला. म्हणजे झोप हा धोरणाचा विषय आहे, हे सरकारनेच मान्य केलं. तोच न्याय शेतकऱ्याला का नको?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (२०२३) आणि मागेल त्याला सौर कृषी पंप (२०२४) यांचा उद्देश दिवसा वीज देण्याचा आहे. या योजनांची चर्चा बहुतेक वेळा वीजबिल आणि अनुदानाभोवती फिरते. खरं तर त्या आरोग्याच्याही योजना आहेत. म्हणून आपल्या फीडरला दिवसाची वीज कधी मिळणार, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायलाच हवा.

तोपर्यंत काय करावं?

• रात्रपाळीनंतर अंधाऱ्या, थंड खोलीत झोपा. त्या वेळी घरच्यांनी उठवू नये.
• घरात किंवा भाऊबंदांत पाण्याच्या पाळ्या वाटून घ्या.
• झोपायच्या आधीचे काही तास चहा टाळा.
• आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही आणि हे तीन महिने चाललंय, किंवा घोरताना श्वास अडकतो, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. पिकाच्या पाण्याचा हिशोब आपण चोख ठेवतो, झोपेचाही ठेवायला हवा.