रापणीसाठी किनारा मोकळा हवा

भोपाळच्या अरेरा कॉलनीतून सुटीत मालवण गाठणाऱ्या मराठी कुटुंबाच्या यादीत सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा आणि सुरमईचे ताट असते. रापण क्वचितच असते. पण मालवण खरे कळते ते तिच्यातूनच. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि बरीच माणसे ओल्या वाळूत टाचा रोवून दोर ओढतात. मग मासळीचे वाटे पडतात, त्यात दोर ओढणाऱ्यांचाही हक्काचा वाटा असतो. या साऱ्याला मोकळी पुळण लागतेच. तिथे खुर्च्या, तंबू आणि वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी पसरल्या की पहिला घाव रापणीवर बसतो.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला आणि गाबीत मच्छीमारांच्या वस्त्यांतल्या अनेक घरांत न्याहारी-निवासाचा पैसा आला. मग जुन्या जाळ्यासाठी एवढा जीव का टाकायचा, असे कुणी विचारील. त्या पैशाचे मोल मोठेच आहे. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीशी झुंजणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला त्याने हात दिला. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो आणि त्याच पावसात किल्ल्याच्या होड्याही थांबतात. दोन्ही कमाया एकदमच आटतात, म्हणून एकीला दुसरीचा पर्याय मानणे चूक आहे. नगरपालिकेने रापणीच्या जागा आखून राखाव्यात. आणि मालवणला जाणाऱ्यांनो, दोर ओढले जात असतील तिथली वाळू मोकळी सोडा. मासळी घ्याल ती बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईकडूनच घ्या.