पिशवीच्या जागेवर अनपेक्षित वस्तू

इंग्लंडात राहणाऱ्या माणसाला इथलं राष्ट्रगीत पाठ नसलं तरी चालतं, पण एक वाक्य पाठ असतंच: 'अनएक्स्पेक्टेड आयटम इन द बॅगिंग एरिया.' सुपरमार्केटमधल्या सेल्फ-चेकआउटवर, म्हणजे आपलं सामान आपणच स्कॅन करून पैसे भरायच्या यंत्रावर, एक रेकॉर्ड केलेली बाई ते म्हणते. पिशवीच्या जागेवर अनपेक्षित वस्तू आहे. आवाज अगदी मऊ. पाठोपाठ यंत्राच्या डोक्यावरचा दिवा लाल होतो आणि मागची चार-पाच माणसं मोबाइलमधून मान वर काढून तुमच्याकडे बघतात.

गेल्या वर्षी ती अनपेक्षित वस्तू माझ्या आईची कापडी पिशवी होती.

आई ७२ वर्षांची. साताऱ्यात सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. तिच्या हिशेबात चूक काढायची माझी आजही टाप नाही. तिनं हौसेनं स्वतःच स्कॅन करायला घेतलं, घडी घालून आणलेली पिशवी उघडून ठेवली, आणि यंत्र अडून बसलं. एक मुलगा आला. त्यानं गळ्यातलं कार्ड लावलं. पडद्यावर वरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं दृश्य पुन्हा दिसलं: आईचा हात, हातात आल्याचा तुकडा, मग पिशवी. त्यानं ते बघितलं, बटण दाबलं, निघून गेला. आई म्हणाली, "काय चुकलं गं माझं?" काहीच चुकलं नव्हतं. बाहेर पडायच्या फाटकाला पावती दाखवावी लागते, ती चुरगळलेली होती, तीनदा दाखवली तेव्हा ते उघडलं. "पैसे दिले ना आपण? मग आता ही कुणाला दाखवायची?" त्यानंतर दोन महिने ती इथं होती. त्या दुकानाशी गेलं की म्हणायची, तू जाऊन ये, मी गाडीत बसते.

मला यंत्रांचा राग नाही, हे आधी सांगून टाकते. या देशात नवी आले तेव्हा मला हीच यंत्रं आवडायची. माझं इंग्रजी समोरच्याला कळेल का, त्याचं मला कळेल का, ही धाकधूक त्यांच्यासमोर नव्हती. वांग्याला इथं 'ऑबर्जिन' म्हणतात, म्हणून ते 'ए'खाली शोधायचं, हे मला त्या पडद्यानंच शिकवलं. ज्याला बोलायचं नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याच्या हातात एकच दुधाची बाटली आहे, त्याच्यासाठी ती जरूर असावीत. माझं भांडण त्यातल्या तराजूशी आहे.

कारण पिशवी ठेवायची ती जागा म्हणजे तराजू आहे. वस्तू स्कॅन केली की तिचं वजन किती असायला हवं हे यंत्राला ठाऊक असतं. तेवढं वजन त्या जागेवर वाढलं पाहिजे. जास्त वाढलं, कमी वाढलं, उशिरा वाढलं, की लाल दिवा. हा तराजू माल मोजण्यासाठी नाही. माल मोजायचा काटा वेगळा असतो, स्कॅनरपाशी. हा दुसरा काटा गिऱ्हाइकाचा खरेपणा मोजतो.

आता तराजूचा इतिहास बघा. वजनमापांचे कायदे जगभर झाले ते दुकानदारावर नजर ठेवायला. १२१५च्या मॅग्ना कार्टातही सगळ्या राज्यात माप एकच असावं असं कलम आहे. आपल्याकडे वजनमाप खात्याचा माणूस येऊन काट्यावर शिक्का मारतो, तो वाण्याच्या काट्यावर. गिऱ्हाइकाच्या पिशवीवर नव्हे. जुन्या वाण्याचं मला कौतुक नाही. तराजूची दांडी अंगठ्यानं कशी झुकते हे आम्ही लहानपणी पाहिलंय, आणि आजीची नजर त्या अंगठ्यावरून हलत नसे. पण नजर तिची होती आणि अंगठा त्याचा. इथं दुकानदारानं काटा आमच्याकडे वळवला, वर कॅमेरा लावला, आणि त्याला सोय म्हणायला लावलं.

कॅशियरकडून एखादी वस्तू स्कॅन व्हायची राहिली तर ती चूक असते. माझ्याकडून राहिली तर संशय. ज्या कामाचं मला प्रशिक्षण नाही, पगार नाही, त्या कामातल्या चुकीची जबाबदारी मात्र माझी. इंग्लंडच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यात गुन्हा ठरायला अप्रामाणिकपणा सिद्ध व्हावा लागतो. यंत्राला अप्रामाणिकपणा कळत नाही, त्याला ग्रॅम कळतात. लोक चोऱ्या करतात, हे खरंच. महागडा ॲव्होकाडो गाजर म्हणून तोलणारे महाभाग आहेतच. पण कॅशियर काढून टाकायचा, माल उघड्यावर ठेवायचा आणि मग सगळ्याच गिऱ्हाइकांवर फाटक लावायचं, हा उद्योग दुकानानं आपण होऊन केला आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: स्वतः माल उचलायलाही लोक एकेकाळी कुरकुरलेच असतील. बरोबर. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्सनं 'पिगली विगली' काढलं, तोवर काउंटरमागचा नोकर यादीप्रमाणे सामान काढून द्यायचा. साँडर्सनं फळ्या मोकळ्या केल्या, टोपली गिऱ्हाइकाच्या हातात दिली. पण त्या बदल्यात गिऱ्हाइकाला काहीतरी मिळालं: वस्तू हातात घेऊन बघता आली, किंमत वाचता आली, वाचलेल्या पगारातून माल स्वस्त झाला. मी आज पन्नास वस्तू स्कॅन केल्या तर मला एका पेनीची सूट मिळत नाही. शेजारच्या टिलवर तेच सामान त्याच भावात, आणि तिथं कुणी माझी पिशवी तोलत नाही. फक्त ते टिल बहुतेक वेळा बंद असतं.

आणि जी बाई पूर्वी तिथं बसायची ती कुठं गेली? आमच्या दुकानात ती आता आठ यंत्रांच्या मधोमध उभी असते. बसायला खुर्ची नाही. दारू विकत घ्यायचं वय इथं १८, पण पंचविशीच्या आत दिसणाऱ्याचं ओळखपत्र बघायची पद्धत आहे. त्यामुळे माझ्या पांढऱ्या केसांकडे एक नजर टाकून बटण दाबायला तिला धावत यावं लागतं. यंत्रानं केलेल्या अपमानाचा राग लोक तिच्यावर काढतात. यंत्रावर ओरडून काय मिळणार? पूर्वी तिला आमच्या रस्त्यावरच्या एकट्या आजोबांचं मांजर कसं आहे हेही ठाऊक असायचं. ते आठवड्यातून तीनदा एकेकच पाव घ्यायला का यायचे, हे तिला कळलं होतं. दुकान चालवणाऱ्यांना नाही कळलं.

हे उलटं फिरवता येत नाही असं नाही. उत्तर इंग्लंडमधल्या 'बूथ्स'नं २०२३च्या अखेरीस आपल्या २८पैकी दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची ही यंत्रं काढायचं ठरवलं. नेदरलँड्समध्ये 'युम्बो'नं २०१९पासून गप्पांचं टिल सुरू केलं, जिथं घाई नसलेल्यांनी मुद्दाम जावं. दोघंही धंदाच करतात, धर्मादाय संस्था नव्हेत. माझी मागणी तर याहून लहान आहे: दुकान उघडं असेल तितका वेळ माणसाचं एक टिल उघडं पाहिजे, आणि यंत्र वापरणाऱ्याला फाटकाशी पावती मागायची नाही.

तोवर मी रांगेत उभी राहते. परवा शनिवारी माझ्यापुढं सहा ट्रॉल्या होत्या. तो कार्डवाला मुलगा येऊन म्हणाला, तिकडे यंत्रं मोकळी आहेत, चला मी मदत करतो. मी म्हटलं, नको. माझ्या पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं आणि तीही म्हणाली, मलाही नको. त्यानं खांदे उडवले, आणि थोड्या वेळानं स्वतःच दोन नंबरचं टिल उघडून बसला.