विद्यापीठांतील लष्करी शिक्षण आणि अधिकारपद

विद्यार्थ्यांस लष्करी कवायत शिकवावी कीं नाहीं, यावर पालकमंडळींत मतभेद आहेत व ते राहणारच. राष्ट्रीय छात्रसेनेचा खाकी गणवेष घरांत आला कीं एका घरीं कौतुक होतें, तर दुसऱ्या घरीं आतां अभ्यास बुडाला म्हणून चिंता सुरू होते. आम्हांस या दोहोंपेक्षां निराळाच एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या तरुणास आपण खांद्यावर बंदूक घेऊन चालावयास शिकवितों, त्याला पुढें हुकूम देण्याच्या जागेपर्यंत पोंचण्याची वाट मोकळी असते काय? आपल्या विद्यापीठांतील लष्करी शिक्षणाचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो. बोअर युद्धांत त्या देशास अधिकाऱ्यांची उणीव फार भासली. म्हणून युद्धमंत्री हॉल्डेन यांनीं १९०८ सालीं ‘ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’ ही संस्था उभी केली. तिचा वरिष्ठ विभाग विद्यापीठांत व कनिष्ठ विभाग शाळांत असे. शिकलेल्या तरुणांतून पलटणीचे अधिकारी निर्माण करावयाचे, हा हेतु नांवांतच उघड होता. आणि १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर या संस्थेंत तयार झालेले हजारों तरुण अधिकारी म्हणून रणांगणावर गेले.

त्याच महायुद्धांत हिंदुस्थानांतही सैन्याची टंचाई पडली. तेव्हां १९१७ सालच्या कायद्यानें येथील विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचीं पथकें उभारण्यांत आलीं. कलकत्त्याच्या पथकांत सुभाषचंद्र बोस हे एक विद्यार्थी होते. सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजांतून त्यांस १९१६ सालीं काढून टाकलें होतें, व पुढें स्कॉटिश चर्च कॉलेज या मिशनच्या संस्थेंत त्यांस प्रवेश मिळाला होता. त्या छावणीच्या दिवसांविषयीं त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत मोठ्या आवडीनें लिहिलें आहे. हाच तरुण १९४३ सालीं आझाद हिंद सेनेचा नेता झाला. सरकारनें शिकविलेली कवायत कोठें उपयोगीं पडेल, हें सरकारच्याही हातीं नसतें!

१९२० सालच्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यानें या पथकांस कायम स्वरूप आलें. मुंबई विद्यापीठाचें पथकही याच व्यवस्थेंतील. नांव ठरलें ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’. इंग्लंडच्या नांवांतील ‘ऑफिसर्स’ हा शब्द तेवढा गळला होता, आणि तो योगायोगानें गळला असें आम्हांस वाटत नाहीं. येथील विद्यार्थी कवायत करी, नेमबाजी शिके, छावणींत राही. परंतु हें सारें झाल्यावर सैन्याचा अधिकारी होण्याचा रस्ता त्याच्यासाठीं जवळजवळ बंदच होता. १९१८ पासून इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत हिंदी तरुणांस वर्षास १० जागा ठेवल्या होत्या. एवढ्या मोठ्या देशास दहा! शिवाय मुलास समुद्रापार पाठविण्याचा खर्च किती बापांस झेपणार? डेहराडून येथें आपलें लष्करी विद्यालय १९३२ सालीं निघालें, तोंपर्यंत ही स्थिति होती.

गळलेला शब्द परत आला तो १९४२ सालीं. दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें, अधिकारी हवे होते, आणि या पथकांचें नांव ‘युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’ असें झालें. पण बावीस वर्षें ज्या तरुणांस केवळ पायांत पाय मिळवून चालावयास शिकविलें, त्यांजकडून एकाएकीं नेतृत्वाची अपेक्षा करणें कितपत न्याय्य होतें? अपेक्षेप्रमाणें अधिकारी लाभले नाहींत, अशी तक्रार मागाहून झाली. आमच्या मतें त्यांत दोष विद्यार्थ्यांचा नव्हता.

१९४६ सालीं पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली, १९४८ सालीं कायदा झाला, आणि त्या वर्षाच्या १५ जुलै रोजीं राष्ट्रीय छात्रसेना सुरू झाली. छात्रसेनेंत नांव घातल्यानें युद्धावर जाण्याचें बंधन पडत नाहीं, हें त्या कायद्यांतच स्पष्ट आहे. भित्र्या पालकांनीं तेवढें तरी वाचावें.

पुढें १९६२ च्या चिनी आक्रमणानें देश हादरला, व १९६३ सालीं कॉलेजांतील धडधाकट मुलांस छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. हेतु शुद्ध होता, यांत शंका नाहीं. पण जें आवडीनें करावयाचें तें हजेरीपटासाठीं होऊं लागलें, आणि १९६८ सालीं सक्ती उठली. इंग्रजी अमलांत उत्साह होता पण वाट नव्हती. सक्तीच्या काळांत वाट होती, पण कित्येकांस तिकडे जावयाचेंच नव्हतें.

आतां वाट आहे आणि सक्ती नाहीं. कॉलेजांत छात्रसेनेचें ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणींत मिळविणाऱ्या पदवीधरास सैन्याच्या विशेष योजनेखालीं लेखी परीक्षेवांचून थेट निवड मंडळापुढें उभें राहतां येतें. तेथील कांहीं दिवसांची कसोटी मात्र कोणासही चुकत नाहीं. पदवीच्या गुणांचीही अट आहे. तेव्हां पुस्तकास रजा देऊन केवळ बूट चकचकीत ठेवणाऱ्या आमच्या मित्रांनीं फार हुरळून जाऊं नये.

मुलींची गोष्ट याहून विलक्षण आहे. छात्रसेनेचा मुलींचा विभाग १९४९ सालीं निघाला. परंतु वैद्यकीय व परिचर्या विभाग सोडल्यास स्वतंत्र भारताच्या भूदलांतील अधिकारपद त्यांस खुलें झालें तें १९९२ सालीं. मुलांनीं एका शब्दासाठीं बावीस वर्षें वाट पाहिली; मुलींनीं त्रेचाळीस वर्षें कवायत केली. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत तर २०२१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, २०२२ सालीं त्यांस प्रथम प्रवेश मिळाला, आणि मे २०२५ मध्यें पहिल्या १७ मुली तेथील शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. असें असूनही दहावीचें वर्ष जवळ आलें कीं, आमच्या पाहण्यांत, मुलींचेच गणवेष आधीं पेटींत जातात.