व्हेअर विसरू नका!

डेटाबेसमधली नोंद बदलायला एसक्यूएलची एक ओळ पुरते. अपडेट, सेट, व्हेअर... झालं काम! पण चूक सुधारणं आणि बदल नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो, असं मला वाटतं.

आमचं सालेकसाच घ्या ना. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचं विभाजन झालं आणि सालेकसा धरून आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा झाला. आता पत्त्यांच्या टेबलात 'भंडारा'चं 'गोंदिया' करायचं, तर व्हेअरमध्ये ते आठ तालुके हवेत. व्हेअर राहिलं की तुमसर, साकोलीसुद्धा गोंदियात! म्हणून आधी तीच अट सिलेक्टला लावून ओळी मोजाव्यात. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट चालवावं. आकडा जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक.

हे झालं पत्त्याचं. पण जन्मस्थळाच्या रकान्याचं काय? १९७५ साली सालेकशात जन्मलेला माणूस भंडारा जिल्ह्यातच जन्मला. आमच्या एका काकांना मात्र एका काउंटरवरून परत पाठवलं, "दाखल्यावर भंडारा, आधार कार्डावर गोंदिया, आधी दुरुस्त करून आणा." अहो, काय दुरुस्त करणार? दोन्ही खरंच आहे! या वयात त्यांनी हेलपाटे घालायचे, ते कुठलीच चूक नसताना.

या बाबतीत तलाठ्यांची जुनी पद्धत मला जास्त शहाणी वाटते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी ते पुसत नसत, कंसात टाकत आणि शेजारी फेरफार क्रमांक देत. बदल का झाला, ते गाव नमुना ६ मध्ये सापडतं. निव्वळ लेखनातल्या चुकीसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १५५ वेगळं आहे.

साध्या अपडेटला अशी आठवण नसते. नवं लिहिलं की जुनं गेलं. म्हणून नोंदीला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा ठेवाव्यात, किंवा ट्रिगर लावून जुनी ओळ इतिहासाच्या टेबलात जपावी. जागा थोडी जास्त लागेल, लागू दे. काकांच्या हेलपाट्यांपेक्षा ती स्वस्तच पडेल.

असो. तुमच्याही दाखल्यावर अजून भंडारा असेल, तर ते चुकीचं मानू नका मंडळी!