बाळाचे नाव कार्डावर कोणी चढवायचे?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,



महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देण्याचा आणि पिवळे, केशरी, पांढरे असा कार्डांचा भेद न ठेवण्याचा निर्णय २०२३ साली झाला. रकमेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती दारातच अडणाऱ्या लेकरांसाठी.

आमचा भाग कोल्हापूरचा, साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला कोयते येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. रेशनकार्ड गावी, सासूच्या पत्र्याच्या पेटीत. हंगामात बाळ झाले, तर त्याची जन्मनोंद इथल्या गावात. कार्डावर नाव चढवायचे मात्र तिकडे, तहसीलच्या पुरवठा शाखेत. त्यासाठी फड सोडला की खाडा पडतो, म्हणून ते काम हंगाम संपेपर्यंत राहते.

मधेच लेकराला न्यूमोनिया झाला, की रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी प्रश्न सुरू होतात. जन्मदाखला कुठाय? कार्ड कुठाय? गावाकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतो, तर नेमके घडीवरचे नाव वाचता येत नाही. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी मिळते, पण हे बापाला सांगणार कोण? तो उचल देणाऱ्या मुकादमाला फोन लावतो. जे उपचार फुकट व्हायचे, त्यांच्यापायी उचल वाढते.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीने जन्मनोंदींची माहिती रेशनकार्डाच्या यंत्रणेला देण्याची वाट मोकळी केली आहे. तेव्हा जन्माची नोंद होताच बाळाचे नाव आईच्या कार्डावर आणि योजनेच्या यादीत आपोआप यावे. तोवर आईची ओळख पटली, की बाळाचे उपचार सुरू व्हावेत; ऊसतोड कामगार म्हणून तिला मिळालेले ओळखपत्र त्यासाठी पुरेसे मानावे.

पुरवठा खाते आमच्याकडे नाही, असे उत्तर कदाचित येईल. पण मंत्रिमंडळ एकच आहे. दोन खात्यांचा जो पत्रव्यवहार आहे, तो ओल्या बाळंतिणीने का करायचा?

येत्या हंगामाचे बॉयलर पेटण्यापूर्वी तसा शासन निर्णय निघावा, ही विनंती.

आपला,
कारखान्याच्या गावातला एक रहिवासी