संगणक आणि पेढी : दुभाष्याची परीक्षा



आपल्या वाडवडिलांच्या पेढ्यांवर दोन-तीन भाषा सुखाने नांदत असत. घरात मारवाडी, गुजराती वा कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. भाव सांगताना भाषा बदले, परंतु मण आणि शेर बदलत नसत. एका भाषेतून दुसरीत जाताना माप ढळले नाही, म्हणूनच पेढीची पत टिकली. संगणकाच्या दोन भाषा जोडतानाही हीच कसोटी लागते, याचा प्रत्यय आणून देणारा एक प्रसंग यंदा सांगावयाचा आहे.

आमच्या एका स्नेह्यांची भुसार मालाची पेढी आहे. नात संख्याशास्त्र शिकलेली. ती आपले काम ‘आर’ या भाषेत करते. नातू ‘पायथन’ भाषेत प्रोग्राम लिहितो; पेढीच्या विक्रीचा रोजचा अहवाल त्याच्याच प्रोग्राममधून निघतो. दिवाळीपूर्वी किती माल भरावा, याचा अंदाज बहिणीने आरमध्ये बसवला आणि तो भावाच्या अहवालात दिसावा असे ठरले. आता कोणी कोणाची भाषा स्वीकारावी?

दोन्ही भाषांची कुळे भिन्न आहेत. पायथन ही नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांची निर्मिती. ती 1991 मध्ये प्रथम सर्वांसाठी खुली झाली. आर भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी घडविली; तिची 1.0.0 ही आवृत्ती 2000 साली आली. पहिली सर्व कामांची, दुसरी मुख्यतः आकडेशास्त्राची. दोन्ही विनामूल्य आहेत. एकीत लिहिलेले सारे दुसरीत पुन्हा लिहिण्यापेक्षा मध्ये दुभाष्या बसवावा, हे शहाणपणाचे. त्या दुभाष्याचे नाव ‘आरपाय-टू’. ही एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच आहे. पायथनचा प्रोग्राम चालू असताना त्याच्याच पोटात ती आरचे यंत्र चालविते आणि दोघांमध्ये आकड्यांची देवाणघेवाण घडविते.

नातवाने ‘पिप’ या साधनास आज्ञा देऊन ही लायब्ररी मागविली आणि पहिल्याच पायरीवर अडखळला. कारण साधे होते. पिप दुभाष्यास आणते. आर भाषेस आणत नाही. ती संगणकावर आधी स्वतंत्रपणे बसवावी लागते. नदीचा एक काठच नसेल तर पूल टेकणार कोठे? शिवाय विंडोजवर या लायब्ररीच्या वाटेत अडचणी अधिक येतात. म्हणून त्याने विंडोजमध्येच लिनक्स चालविण्याची ‘डब्ल्यूएसएल’ ही सोय घेतली आणि तेथे क्रमाने काम केले.

तो क्रम इतरांसही उपयोगी पडेल. प्रथम आर भाषा आणि तिच्यासोबत प्रोग्राम बांधण्याची साधने बसवावीत, कारण दुभाष्याचा काही भाग सी भाषेत असून तो प्रसंगी त्याच संगणकावर बांधला जातो. आर आणि पायथन दोन्ही एकाच जातीच्या प्रोसेसरसाठी, म्हणजे दोन्ही 64 बिटांचे असावेत. पायथनसाठी ‘व्हेन्व्ह’ने वेगळी खोली करावी, म्हणजे एका कामाची सामग्री दुसऱ्यात मिसळत नाही. मगच पिपला आज्ञा द्यावी. आर सापडत नाही अशी तक्रार आली, तर ‘आर होम’ या नावाने तिचा पत्ता संगणकास सांगावा. शेवटी आरपाय-टूमधील ‘सिच्युएशन’ हा भाग चालवून पाहावा. कोणती आर कोठे सापडली, ते तो दाखवितो. पुढे आरची आवृत्ती बदलली, तर दुभाष्यासही नव्याने बसवावे लागू शकते, हे ध्यानात असावे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पडद्यावर यशाची ओळ उमटली. सर्वांस हर्ष झाला. तथापि खरी परीक्षा पुढेच होती.

अहवालात एका दिवसाची विक्री ऋण 214 कोटी 74 लाख 83 हजार 648 पोती अशी दिसू लागली! नातवाने तो आकडा खोडून तेथे शून्य भरला. अहवाल नीटस झाला. मात्र आठवड्याची सरासरी घसरली आणि माल कमी भरावा, असा सल्ला निघाला.

आजोबांनी चष्मा सावरून तारीख पाहिली आणि म्हणाले, “बाळ, त्या दिवशी संवत्सरी होती. पेढीचे कुलूपच उघडले नव्हते. शून्य पोती विकली, हे मोजले कोणी?”

बहिणीने उलगडा केला. आरमध्ये ‘नोंद उपलब्ध नाही’ यासाठी स्वतंत्र खूण आहे. तिने बंद दिवसापुढे तीच ठेवली होती. पूर्णांकांच्या रकान्यात ही खूण आतून 32 बिटांतील सर्वांत लहान ऋण संख्येच्या रूपाने साठविली जाते. रकाना पायथनमध्ये जसाच्या तसा उतरविला, तेव्हा खुणेचा अर्थ अलीकडेच राहिला आणि नुसती संख्या पलीकडे गेली. दुभाष्याने शब्द पोहोचविला, आशय नव्हे.

फरक किती, ते सोप्या उदाहरणाने पाहू. सहा दिवस रोज 70 पोती गेली आणि सातव्या दिवशी पेढी बंद राहिली. एकूण विक्री 420. बंद दिवस वगळला तर सरासरी 70; तेथे शून्य मानले तर 60. म्हणजे रोजचा अंदाज दहा पोत्यांनी चुकला, आणि तोही कोणी लबाडी केलेली नसताना.

श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लिखाण सांगितले आहे. नातवाच्या मनात कपट नव्हते, म्हणून त्यास तो दोष लावणे योग्य नव्हे. परंतु ‘माहीत नाही’ या जागी ‘शून्य’ लिहिले की वही असत्य बोलू लागते, मग लिहिणारा कितीही निर्मळ असो. जे ज्ञात नाही ते ज्ञात नाही असेच लिहिणे, हाही सत्याचाच भाग आहे.

भावंडांनी मग एक नियम केला. बंद दिवसाची खूण दोन्ही भाषांत कशी लिहावयाची, ते आधी ठरविले. पूल ओलांडताना ती तपासून उतरविणारी चार ओळींची पुस्ती जोडली. आणि ज्याचे उत्तर आजोबांस तोंडपाठ आहे असा एका आठवड्याचा रोजमेळ प्रथम पुलावरून नेऊन पाहिला. दोन्ही काठांवर बेरीज जुळली, बंद दिवस बंदच राहिला, तेव्हाच अहवाल गादीवर ठेवला गेला.

आपल्या घरी असा दुभाष्या बसवावयाचा असेल, तर यशाची ओळ पाहून थांबू नये. एक छोटी, ओळखीची वही त्याच्या हाती द्यावी आणि ती पलीकडून तशीच परत येते का, हे घरातील जाणत्यांसह पाहावे. नव्या पिढीचे कौशल्य आणि जुन्या पिढीची स्मरणशक्ती यांच्यामध्येही एक पूल हवाच असतो.

जय जिनेंद्र.