विश्लेषण : घुंगरू, रुमाल आणि लाकडी बूट... इंग्लंडच्या लोकनृत्यांपुढे पेच काय?

इंग्लंडमध्ये दरवर्षी १ मे रोजी सूर्योदयाच्या वेळी अनेक गावांत, टेकड्यांवर आणि चौकांत घुंगरांचा आवाज घुमतो. पांढरे कपडे, पोटऱ्यांना बांधलेले घुंगरांचे पट्टे, हातात रुमाल किंवा दांडके घेतलेले हे नर्तक व्यावसायिक कलावंत नसतात. कोणी शिक्षक, कोणी नळदुरुस्ती करणारा, कोणी संगणक अभियंता. या हौशी गटांनी मॉरिस, क्लॉग आणि स्टेप ही लोकनृत्ये टिकवून ठेवली आहेत. मात्र गेल्या काही वर्षांत तरुणांची कमतरता, महिलांचा सहभाग आणि चेहऱ्याला काळा रंग फासण्याची प्रथा यांवरून हे जग ढवळून निघाले. त्यातच ब्रिटन २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा करारात सामील झाल्याने ‘परंपरा म्हणजे नेमके काय आणि ती कोणाची’ हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

मॉरिस नृत्य किती जुने?

मॉरिस नर्तकांचा इंग्लंडमधील सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख १४४८ चा आहे. लंडनमधील सोनारांच्या संघाने नर्तकांना सात शिलिंग दिल्याची ती नोंद. ‘मॉरिस’ हा शब्द ‘मूरिश’ म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मूर लोकांशी संबंधित शब्दावरून आला, असे मानले जाते. सुरुवातीला राजदरबारात आणि शहरी मिरवणुकांत दिसणारे हे नृत्य पुढे खेड्यांतील जत्रांमध्ये रुजले. शेक्सपिअरच्या नाटक कंपनीतील विनोदी नट विल केम्प याने १६०० मध्ये लंडन ते नॉरिच हे अंतर मॉरिस नाचत पार केले होते. म्हणजे हे नृत्य अनादी काळापासूनचा ग्रामीण विधी असल्याची लोकप्रिय समजूत कागदपत्रांवर टिकत नाही.

प्रकार किती आणि कोणते?

मॉरिस हे एकच नृत्य नाही. कॉट्सवोल्ड भागातील प्रकारात साधारणतः सहा नर्तक रुमाल आणि दांडके घेऊन नाचतात. वेल्सच्या सीमेलगतच्या ‘बॉर्डर’ मॉरिसमध्ये चिंध्यांचे कोट, रंगवलेले चेहरे आणि दांडक्यांची जोरदार ठोकाठोक असते. पूर्व इंग्लंडमधील ‘मॉली’ नृत्य हिवाळ्यात नांगरणीच्या हंगामाच्या सुरुवातीला होते. ईशान्येकडील खाणकामगारांनी ‘रॅपर’ हे लवचीक पोलादी पात्यांचे नृत्य जोपासले. त्यात पाच जण दोन मुठींची पाती धरून एकमेकांत गुंफत नाचतात. वायव्य भागातील मॉरिस मिरवणुकीचे असून ते लाकडी तळव्यांचे बूट म्हणजे ‘क्लॉग’ घालून केले जाते.

गटाला ‘साइड’ म्हणतात. प्रमुख ‘स्क्वायर’, नृत्य शिकवणारा ‘फोरमन’ आणि पत्रव्यवहार व पैसे सांभाळणारा ‘बॅगमन’ अशी पदे असतात. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा एखाद्या सभागृहात सराव आणि उन्हाळ्यात पबच्या अंगणात सादरीकरण, असे बहुतेक साइडचे वर्ष असते.

क्लॉग नृत्याचा गिरण्यांशी संबंध काय?

क्लॉग नृत्य हे मुख्यतः औद्योगिक क्रांतीचे अपत्य. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत ओलसर फरशीवर चामडी तळवे टिकत नसत. त्यामुळे कामगार, त्यातही स्त्रिया, लाकडी तळव्यांचे आणि लोखंडी पट्टी ठोकलेले स्वस्त बूट वापरत. मागांच्या खडखडाटाच्या लयीवर टाच आणि चवडा आपटत त्यांनी पदन्यास रचले, असे या नृत्याबद्दल सांगितले जाते. पुढे हे नृत्य रंगमंचावर गेले. चार्ली चॅप्लिनने बालपणी ‘एट लँकेशायर लॅड्स’ या क्लॉग नृत्याच्या पथकातूनच रंगभूमीवर पाऊल ठेवले होते.

या गिरण्यांचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिथला कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरमध्ये गिरण्या थंडावल्या, कामगारांवर उपासमार आली आणि मुंबईतून जाणाऱ्या भारतीय कापसाचे भाव गगनाला भिडले. लँकेशायरचे कापड भारताच्या बाजारात येत होते आणि त्याच कापडावर पुढे स्वदेशीचा बहिष्कार पडला. १९३१ मध्ये महात्मा गांधी डार्वेन येथील गिरणी कामगारांना भेटले, ते याच लँकेशायरमध्ये. गिरण्या गेल्या, पण त्यांच्या फरशीवरचा ठेका लोकनृत्याच्या रूपाने उरला.

स्टेप डान्सिंग वेगळे कसे?

मॉरिस हे समूहाचे, तर स्टेप डान्सिंग हे बहुधा एकट्याचे. हात जवळजवळ स्थिर आणि सारी करामत पावलांची. पूर्व इंग्लंडमध्ये आणि नैऋत्येकडील डार्टमूर परिसरात पबमध्ये लहानशा फळीवर हे नृत्य चाले. अ‍ॅकॉर्डियन किंवा फिडल वाजवणारा आणि नर्तक यांच्यातील ती जुगलबंदीच. वेल्समध्ये क्लॉग नृत्याची परंपरा अखंड राहिली असून तेथील सांस्कृतिक महोत्सवांत त्याच्या स्पर्धा होतात. आयर्लंडच्या स्टेप डान्सला १९९४ मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेतील ‘रिव्हरडान्स’मुळे जागतिक व्यासपीठ मिळाले. इंग्रजी स्टेप डान्सच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

ही नृत्ये वाचली कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यांतून स्थलांतर वाढले आणि बहुतेक साइड बंद पडल्या. २६ डिसेंबर १८९९ रोजी संगीतशिक्षक सेसिल शार्प यांनी ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन क्वॉरी येथे बांधकाम मजुरांचे मॉरिस पाहिले. कॉन्सर्टिना वाजवत होता विल्यम किंबर. शार्प यांनी पुढे गावोगाव फिरून चाली आणि पावले टिपून घेतली. १९११ मध्ये त्यांनी नृत्य संस्था स्थापन केली. तीच १९३२ मध्ये लोकगीत संस्थेत विलीन होऊन आजची ‘इंग्लिश फोक डान्स अँड साँग सोसायटी’ झाली. तिच्या ग्रंथालयातील अनेक हस्तलिखिते आज ऑनलाइन पाहता येतात.

या पुनरुज्जीवनाला पहिल्या महायुद्धाचा जबर फटका बसला. शार्प यांच्या प्रात्यक्षिक पथकातील संगीतकार जॉर्ज बटरवर्थ यांच्यासह अनेक नर्तक १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारले गेले.

महिलांचा वाद नेमका काय?

‘मॉरिस हे पुरुषांचेच नृत्य’ हा दावा विसाव्या शतकात घट्ट झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉरिस रिंग’ या संघटनेत केवळ पुरुषांच्या साइडना प्रवेश होता. गंमत अशी की, पुनरुज्जीवनाच्या अगदी आरंभी हे नृत्य शिकल्या त्या मुलीच. समाजसेविका मेरी नील यांच्या लंडनमधील ‘एस्परान्स क्लब’मधील शिवणकाम करणाऱ्या मुलींना १९०५ पासून गावाकडील नर्तकांनी मॉरिस शिकवले आणि त्यांनी ते देशभर नेले. नृत्याचा आनंद महत्त्वाचा की अचूक पाऊल, यावरून नील आणि शार्प यांच्यात तीव्र मतभेद झाले. त्यात शार्प यांचा पक्ष वरचढ ठरला आणि नील यांचे काम विस्मरणात गेले.

१९७५ मध्ये महिलांनी स्वतंत्र संघटना उभारली; ती पुढे सर्वांसाठी खुली होऊन ‘मॉरिस फेडरेशन’ झाली. मॉरिस रिंगने महिला असलेल्या साइडसाठी दार उघडले ते २०१८ मध्ये. त्यामागे समतेचा विचार होताच, पण संख्येची गरजही होती. नवे तरुण न आल्यास दोन दशकांत मॉरिस संपेल, असा इशारा याच संघटनेने २००९ मध्ये दिला होता.

काळ्या रंगावरून फूट का पडली?

बॉर्डर मॉरिसमधील अनेक साइड चेहऱ्याला पूर्ण काळा रंग लावत. भीक मागताना ओळख लपवण्यासाठी गरीब मजूर काजळी फासत, असे त्याचे पारंपरिक स्पष्टीकरण. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांचा या प्रथेवर प्रभाव पडल्याचे अभ्यासक दाखवून देतात. जुलै २०२० मध्ये, ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर, तिन्ही प्रमुख मॉरिस संघटनांनी एकत्रितपणे ही प्रथा थांबवण्याचा निर्णय घेतला. बहुतेक साइडनी निळा, हिरवा असे रंग स्वीकारले. लँकेशायरमधील बेकप गावात ईस्टरच्या शनिवारी क्लॉग घालून मिरवणूक काढणाऱ्या ‘ब्रिटानिया कोकोनट डान्सर्स’ने मात्र नकार देत संघटना सोडली.

इथे एक व्यावहारिक मुद्दा आहे. संघटनेच्या सदस्यत्वाबरोबर सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो आणि विम्याविना रस्त्यावर कार्यक्रम करणे अवघड जाते. त्यामुळे कायद्याने बंदी नसतानाही संघटनेचा निर्णय परिणामकारक ठरला.

युनेस्को करारामुळे काय बदलेल?

अमूर्त वारशाचा करार २००३ चा. भारत त्यात २००५ मध्येच सामील झाला. १८० हून अधिक देश आत असताना ब्रिटन बाहेर होता. ब्रिटनसाठी हा करार ७ जून २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार देशाला आपल्या जिवंत परंपरांची सूची करावी लागते आणि त्यात संबंधित समूहांचा सहभाग अपेक्षित असतो. सूचीतील नोंदीने आपोआप निधी मिळत नाही. मिळते ती दखल. मात्र मानवी हक्कांशी सुसंगत असलेला वारसाच हा करार विचारात घेतो. म्हणजे ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ एवढे समर्थन पुरत नाही. महिलांचा प्रवेश आणि काळा रंग हे वाद म्हणूनच आता गटांपुरते उरत नाहीत.

सरकारी दखल यापूर्वीही होती, पण वेगळ्या प्रकारची. इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या २००३ च्या परवाना कायद्यात मॉरिस आणि तत्सम नृत्यांना करमणूक परवान्यातून सूट आहे. हे नृत्य पबमध्ये टिकून राहण्यामागे या छोट्या तरतुदीचाही वाटा आहे.

पुढे काय?

चित्र निराशाजनक नाही. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या ‘बॉस मॉरिस’ या महिलांच्या साइडने फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिट पुरस्कार सोहळ्यात ‘वेट लेग’ या बँडबरोबर नृत्य केले आणि तरुणांमध्ये नवे कुतूहल जागे झाले. अडचणी मात्र रोजच्या आहेत : सरावाच्या सभागृहांचे भाडे, बंद पडणारे पब, क्लॉग बनवणाऱ्या कारागिरांची घटती संख्या. पाऊल कागदावर टिपता येते, बूट मात्र कोणाला तरी बनवता यावा लागतो.

पुण्या-मुंबईतील ढोल-ताशा पथके पाहिलेल्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल : नोकरी सांभाळून केलेला सराव, मुलींच्या सहभागाने बदललेले रूप आणि ‘खरी परंपरा कोणती’ हा न संपणारा वाद. सहाशे वर्षांच्या प्रवासात मॉरिस दरबारातून खेड्यात, खेड्यातून शहरी क्लबांत आणि तिथून पुरस्कार सोहळ्यात आले. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘हे अस्सल नाही’ म्हणाले आणि प्रत्येक वेळी नव्याने आलेल्यांनीच ते पुढे नेले. नव्या सूचीत नोंद करताना हा बदलाचा इतिहासही नोंदवला जातो की केवळ एक गोठवलेले रूप, यावर या नोंदीचे मोल ठरेल.